फुटाला इंच

बुधवारी साडेअकराच्या सुमाराला त्याला टिकटिक ऐकू आली. अगदी बारीक, घाईची, कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तशी. त्याने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नळाकडे, मग डोक्यावरच्या पंख्याकडे. समोर टेबलावर मेणाचे चार दात होते, वरच्या जबड्यातले पुढचे, आणि त्यांच्याबरोबर दंतवैद्याची चिठ्ठी: बाईंना शीळ वाजवता येते, मधली फट जशीच्या तशी ठेवावी. ती फट तो कोरत होता. तीस वर्षं कवळ्या करताना त्याने लोकांच्या तऱ्हेतऱ्हेच्या मागण्या ऐकल्या होत्या. कुणाला लग्नातल्या फोटोसारखे दात हवे असत, कुणाला मेलेल्या भावासारखे. पण शिळेसाठी फट मागणारी बाई ही पहिलीच, आणि सकाळपासून तो त्या न पाहिलेल्या बाईवर खूश होता. टिकटिक थांबेना. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. मग त्याचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. हातातल्या कोरणीचं टोक स्टीलच्या ट्रेच्या कडेला लागत होतं, सुटत होतं, पुन्हा लागत होतं. त्याने हात उचलला, आवाज थांबला. टेकवला, सुरू झाला. आपल्याच घरात परका माणूस येऊन बसलेला दिसावा तसा तो त्या हाताकडे पाहत राहिला.

चार दात म्हणजे एका दिवसाचं काम, त्याला तीन दिवस लागले. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याला कागदावर गोल गोल गिरवायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही मनात जो आजार धरून आलाय ना, तो नाही. ही नुसती थरथर आहे. काहींना होते या वयात." त्याने विचारलं, "वाढेल?" डॉक्टर म्हणाले, "वाढेल किंवा आहे तेवढीच राहील. ते मला आज सांगता यायचं नाही. हात वापरत राहा, म्हणजे झालं." घरी बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जीवनसत्त्व कमी आहे म्हणे," आणि जेवायला बसला. ती शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. उत्तर बरोबर आहे पण मधल्या पायऱ्या गाळल्यात असं वाटलं की तिच्या कपाळावर एक उभी आठी पडे. ती आठी पडली. तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

डॉक्टरांकडून परतताना मात्र एक गोष्ट झाली होती. बसथांब्यामागच्या दुकानासमोर डिझेलचा जनरेटर चालू होता. वीज गेलेली असावी. फरशीतून त्याची घरघर तळपायात येत होती, तिथून नडग्यांत, गुडघ्यांत, आणि क्षणभर त्याला कळेना की हे बाहेरून आत येतंय की आतून बाहेर जातंय. आणि एकदम त्याच्या नाकात आत्याच्या बोटीचा वास आला. डिझेल, ओलं लाकूड, टपालाच्या पिशव्यांचं तागाचं कापड. आत्या मोटरबोट चालवायची. रुंद तळ्याच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावात टपाल आणि माणसं न्यायची, दिवसाला सहा फेऱ्या, बावीस वर्षं. दातांचं काम शिकायला तो पलीकडे जायचा ती दोन वर्षं रोज तिच्या बाजूला बसून गेला होता. इंजिन सुरू झालं की त्या बोटीत सगळं थरथरायचं. फळ्या थरथरायच्या, कोपऱ्यातल्या डब्यातलं पाणी थरथरायचं, उतारूंच्या हनुवट्या थरथरायच्या, त्याच्या वहीतली अक्षरं म्हाताऱ्याची वाटायची. चाकावरचे आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत थरथरत असायचे. आणि बोट? बोट पट्टी धरून रेघ ओढावी तशी समोरच्या धक्क्याकडे जायची. ते तो रोज पाहत होता आणि कधी त्याचं नवल केलं नव्हतं. चौतीस वर्षांनी, फुटपाथवर उभा राहून, त्याला ते नवल वाटलं. इतकं की समोर आलेली बस त्याने सोडून दिली.

पुढे पूल झाला. बोट बंद पडली आणि लाकडाच्या भावाने गेली. तिचं चित्र नाही, नकाशा नाही. एक फोटो होता, तोही समोरून काढलेला, त्यात चाकामागे आत्या आणि तिच्यामागे चार छत्र्या. तो फोटो त्याने बाल्कनीतल्या टेबलावर टेकवून ठेवला आणि ठरवलं की ही बोट आपण करायची. चोवीस फुटांची होती, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण आत्या ते लोकांना अभिमानाने सांगायची. तेव्हा फुटाला इंच, म्हणजे दोन फूट. त्यात चुकलं तर कुणाच्या तोंडात टोचणार नव्हतं. मनाशी त्याने एवढंच कारण सांगितलं. खरं कारण याहून मोठं होतं, पण ते त्याला तेव्हा शब्दांत धरता आलं नसतं.

सकाळी सहा ते आठ आणि रविवारी दुपारी तो बाल्कनीत बसू लागला. जुन्या कपाटाच्या सागवानी फळीतून त्याने बोटीचा कणा कापला. प्लायवूडच्या अकरा फासळ्या केल्या आणि त्या कण्यावर उभ्या केल्या. तो सांगाडा टेबलावर उलटा ठेवला तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे काय, मासा खाऊन काटा ठेवलाय?" फासळ्यांवर बसवायच्या पट्ट्या वीतभर जाड पुस्तकाच्या पानांसारख्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. कोरडी पट्टी वाकवली की काडकन तुटे. मग तो एकेक पट्टी उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरू लागला. काही वेळ ती हट्टी असे, आणि मग अचानक, नेमकं कधी ते त्याला एकदाही पकडता आलं नाही, ती ऐकायला लागे. लाकडाला आपण झाड होतो हे आठवतंय, वाऱ्यात वाकायचं कसं ते आठवतंय, असं त्याला वाटे. पट्टी नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून निघून पोटावरून वळसा घेत मागे शेपटाकडे सपाट होत जाई, आणि त्या एका वळणात पाणी नसताना पाणी दिसे. आयुष्यभर त्याने दात घडवले होते, दातही काही सोपी वस्तू नाही, पण दात चावायच्या कामापुरता असतो. हा आकार कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते डोळ्यांना सांगता येत नव्हतं. तो पट्टी हातात धरून तसाच बसून राही, आणि आतून बायकोची हाक येई, "अहो, आठ वाजले. दात वाट बघतायत."

हात थरथरायचा. मेणापेक्षा लाकडात कमी. मनगट लाकडावर घट्ट दाबून धरलं की थरथर कुठेतरी लाकडात शिरून नाहीशी होते असा त्याला शोध लागला, आणि त्या शोधाने तो इतका हरखला की दोन दिवस जिना चढताना शीळ घालत होता. ती शीळ कुठून आली तेही त्याला ठाऊक होतं. दंतवैद्याचा फोन आला होता. बाईंनी नवे दात बसवल्याबरोबर खुर्चीतच अख्खं गाणं वाजवून दाखवलं, बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले, असं त्यांनी सांगितलं होतं. फोन ठेवून त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. ते आपल्या हातचे शेवटचे दात असतील तर असोत, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि लगेच, नसोत.

सगळ्या पट्ट्या बसल्या, काचकागदाने घासून झालं, तेव्हा एका रविवारी तो बोट चादरीत गुंडाळून आत्याकडे गेला. आत्या ऐंशीच्या पुढे. डोळे सहा वर्षांपूर्वी गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या एका खोलीत ती एकटी राहायची आणि एकटी राहते म्हणून कुणी हळहळलं की चिडायची. त्याची चाहूल लागताच म्हणाली, "आलास? तुझ्या कवळीचा डावा कोपरा अजून टोचतो हं मला. बारा वर्षं झाली."

"मग आधी नाही का सांगायचं, आत्या?"

"तू कुठे विचारलंस?"

त्याने बोट तिच्या मांडीवर ठेवली. काय आहे ते सांगितलं नाही. आत्याचे हात वर हवेतच थांबले, मग खाली आले. डाव्या हाताने नाळ धरली. उजवा तळवा बोटीच्या पोटाखाली गेला. तिचा चेहरा बदलला नाही, पण ती श्वास घ्यायची विसरली हे त्याला दिसलं. तळवा हळूहळू मागे गेला, शेपटापर्यंत, पुन्हा पुढे आला. 

"उलटी घालून मी हिला दर वर्षी खरवडायची," ती म्हणाली. "शेवाळ, शिंपले, जुना रंग. चार दिवस लागायचे. एवढीशी झाली रे."

"फुटाला इंच."

"मागचं बरोबर आहे. पुढचं चुकलंय." तिची बोटं नाळेजवळच्या फुगवट्यावर थांबली. "हिचे गाल कशाने सुजले? ही पाणी ढकलत बसेल. माझी पाणी चिरायची. तुझ्याजवळ ते मेण असतं ना नेहमी?"

ते असायचंच. गरम पाण्यात धरून त्याने मेणाचा पातळ तक्ता मऊ केला आणि तिच्या हातात दिला. तिने तो नाळेच्या बाजूला धरला, अंगठ्याने दाबत, आत घेत, थोडा सोडत, पुन्हा आत घेत. "इथून असं. आणि इथे जरा दम घ्यायचा. मग सोडायचं." तो बघत होता. चोवीस फुटांची बोट, लाकडाच्या भावाने गेलेली, कुणाच्या तरी चुलीत केव्हाच जळून गेलेली, ती या बाईच्या तळव्यात पुरी शाबूत होती. नुसती शाबूत नव्हती, तिथल्या तिथे बारा पटींनी लहान होऊन मेणात उतरत होती, आणि आत्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.  माणसाच्या हातात किती काय काय राहत असेल, आणि ते कुणी विचारलं नाही तर कुठे जात असेल, या विचाराने त्याला बसल्या जागी हलकंसं गरगरलं.

मग आत्याचं बोट पट्ट्यांवरून परत फिरलं आणि एका ठिकाणी थबकलं. पुढे गेलं, मागे आलं. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्याने स्वतः तीनतीनदा घासून घेतलं होतं.

"हात कधीपासून थरथरतोय तुझा?" आत्या म्हणाली.

त्याने उजवा हात मागे घेतला.

"इथे बारीक लाटा आहेत. इथे आहेत. इथे पण. घासल्यायस, पण आहेत. बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला दाखवतोस? घरी जा आणि तिला सांग." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "अरे, त्यात लाजण्यासारखं काय आहे? ये इकडे." तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसता धरून ठेवला, एखादं यंत्र कसं चालतंय ते बघावं तसा. "चालतंय की," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिला रडू आलं ते थरथरीचं नव्हतं. "तीन महिने?" ती म्हणाली. "तीन महिने तुम्ही माझ्यासमोर डाव्या हाताने चहा पिताय, आणि मी समजतेय की बाहेर काही भानगड आहे." त्याला हसू आलं. इतकं अवेळी आलं की ती आधी संतापली आणि मग तीही हसली, आणि वह्या तशाच राहिल्या. त्यानंतर बाल्कनीत दोन खुर्च्या झाल्या. पुढच्या पट्ट्या उचकटून काढताना ती बोट धरून बसे, आणि मेणाच्या साच्यावर नव्या पट्ट्या वाकवताना वाफ सांभाळे. तिने हिशोब करून बोट किती पाणी बाजूला सारेल, किती वजन झेलेल ते कागदावर मांडलं, आणि बोटीच्या अंगावर पेन्सिलीने रेघ मारून दिली: पाणी इथपर्यंत येईल.

मालकांना सांगणं अवघड गेलं. तो दात करायचा त्या लॅबचे मालक त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि त्याच्याशी नेहमी जपून बोलत. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला. म्हणाले, "पुढच्या दातांचं काम मी तुमच्याकडून काढून घेतो. ओतकाम तुम्ही बघा. तिथे तुमच्यासारखं कुणी नाही." तो बरं म्हणाला. आपल्या टेबलावरची बारीक कोरण्यांची गुंडाळी त्याने उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली. ते चार पावलांचं अंतर होतं, आणि त्या दिवशी दुपारी त्याला जेवण गेलं नाही. पण ओतकामाच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात त्याने बोटीला पाण्यात पुढे ढकलणारा मागचा पंखा ओतला. मेणात तीन पाती घडवली, मनगट टेबलाच्या कडेला दाबून, हात थांबेल तेवढ्या वेळात थोडं थोडं. ते मेण त्याने साच्याच्या भुकटीत पुरलं आणि साचा भट्टीत ठेवला. आत मेण वितळून गेलं, जळून गेलं, आणि जिथे ते होतं तिथे नुसती त्याच्या आकाराची पोकळी उरली. त्या पोकळीत वितळलेला धातू गेला. हे त्याने हजारो वेळा केलं होतं. साचा फोडला आणि राखेसारख्या भुकटीतून तीन पात्यांचं ते इवलं फूल बाहेर आलं तेव्हा मात्र तो ते तळहातावर घेऊन खिडकीशी गेला. नसलेल्या गोष्टीची जागा इतकी नेमकी राहते. मालक मागे येऊन उभे राहिले. "ही कुणाची दाढ?" त्यांनी विचारलं, आणि कळल्यावर लॅबमधल्या निकामी झालेल्या पॉलिशच्या हातयंत्राची मोटर स्वतः खोलून त्याला दिली.

मोटर बसली, पितळी नळीत ग्रीस भरून दांडा बसला, सुकाणू बसलं, चार थर रंग झाला. एका सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्यात मोठ्या टबमध्ये पाणी भरलं. बायकोने एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या. बोट पाण्यावर ठेवली आणि दोघांनी एकदम हात काढले. बोट जराशी खाली बसली, एकदा डावीकडे कलली, उजवीकडे कलली, आणि मग तिचं तिला सापडलं. ती उभी राहिली. आतापर्यंत ती एक वस्तू होती, दोन हातांत धरायची, चादरीत गुंडाळायची. आता ती कुणी न धरता होती. पाणी पेन्सिलीच्या रेघेला सगळीकडून येऊन लागलं होतं, एका ठिकाणी केसभर वर, बस्स. बायको गुडघ्यांवर बसून त्या रेघेकडे बघत होती. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हा नियम वीस वर्षं ती मुलांना फळ्यावर लिहून देत होती. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हे खरंच असतं."

बागेतल्या तळ्यावर ते तिघं रविवारी सकाळी गेले. तळं काही फार मोठं नव्हतं, चाळीसेक पावलं रुंद, काठाला सिमेंटचा कट्टा. आत्याला त्याने कट्ट्याजवळ खुर्चीवर बसवलं. बायको बोट झेलायला पलीकडच्या काठावर गेली आणि चपला काढून पायरीवर उतरली. त्याने सुकाणू सरळ केलं, कळ दाबली. मोटर बारीक आवाजात बोलू लागली. बोट पाण्यात ठेवताना त्याचा हात थरथरला आणि पाण्यावर लहान लहान वर्तुळं उठली, पण हात सुटला आणि बोट निघाली. नाळेने पाणी चिरलं. दोन्ही बाजूंना दोन बारीक मिशा फुटल्या आणि मागे लांबत लांबत गेल्या, तशाच, अगदी तशाच, जशा तो विशीत आत्याच्या शेजारी बसून मागे वळून बघायचा. फुटाला इंच, पण पाण्याला कुणी लहान केलेलं नव्हतं. पाणी तेच होतं. ते या इवल्या बोटीला मोठ्या बोटीसारखंच वागवत होतं.

तळ्याच्या मध्यावर उन्हाचा लखलखाट होता. बोट त्यात शिरली आणि त्याला दिसेनाशी झाली. त्याने डोळ्यांवर हात धरला, मान वाकवली, काही उपयोग नाही. घाबरून त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने उजव्या हाताचं बोट मोटरच्या आवाजाच्या दिशेने धरलं होतं आणि ते हळूहळू सरकत होतं. न अडखळता, एकाच वेगाने.

"वारा डावीकडे ओढतोय तिला," ती म्हणाली. "जाईल. बायकोला सांग दोन पावलं सरक."

त्याने ओरडून सांगितलं. पलीकडे बायको दोन पावलं सरकली. आत्याचं बोट थांबलं, आणि मग पलीकडून आवाज आला, "धरली!"

बायकोने बोट पाण्यातच फिरवली, क्षणभर धरून ठेवली आणि परत सोडली. आता ती त्यांच्याकडे येत होती. लखलखाटातून आधी आवाज आला, मग काळा ठिपका, मग नाळ. आत्या खुर्चीत सरळ झाली होती. तिचे दोन्ही हात समोर हवेत होते, एक जरा वर, चाकावर असावा तसा, एक जरा खाली, आणि चेहरा असा होता जसा त्याने पूल झाल्यापासून पाहिला नव्हता. बोट काठापासून चार हातांवर आली तेव्हा तिने खालचा हात मागे ओढला, इंजिन बंद करावं तसा. मोटर चालूच होती. त्याने खाली वाकून बोट धरली, कळ बंद केली. एकदम शांतता झाली. लाटा येऊन कट्ट्याला लागल्या, एक, मग दुसरी.

"सावकाश उतरा," आत्या म्हणाली, मोठ्या, मोकळ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घाई नाही. आधी म्हातारी माणसं."

आणि तो बोट हातात धरून उठला आणि काठावरून एक पाऊल बाजूला झाला, उतरणाऱ्यांना वाट द्यायला.